हात कसा शिकतो, कसा थांबतो: मेंदूला बाहेरून चेतवून केलेल्या अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि वर्धा-यवतमाळकडच्या गावांमध्ये आरोग्याच्या कार्यक्रमांना जाते. मेंदूचा विषय निघाला की चुंबकाच्या मशीनचा प्रश्न हमखास येतो. कुणी व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाच्या घरी लकवा झालेलं माणूस असतं, कुणाला हात काम कसं शिकतो आणि मेंदू झटपट निर्णय कसा घेतो याच्या शहरातल्या अभ्यासात भाग घेता का म्हणून विचारणा झालेली असते. ते प्रश्न लोकांनी विचारले तसेच इथे उत्तरांसकट दिले आहेत. माझं मत जिथे आहे, तिथे ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

हे नेमकं असतं काय?

कवटी न उघडता, सुई न टोचता मेंदूच्या वरच्या थराला चेतवायच्या दोन पद्धती सध्या जास्त वापरात आहेत.

पहिली ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस. तांब्याच्या तारेची, प्लास्टिकमध्ये बंद केलेली कॉइल डोक्याला टेकवून धरतात. तिच्यातून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडला की दीड ते दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. एमआरआयच्या मशीनइतकं ते जोरदार असतं, पण एक मिलिसेकंदही टिकत नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. इथे तो वाहक म्हणजे आपला मेंदू. कातडी आणि हाड चुंबकीय क्षेत्राला अडवत नाहीत, त्यामुळे खालच्या पेशींपर्यंत ते सहज पोहोचतं. पण खोली दोन-तीन सेंटिमीटरच. इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे करून दाखवलं. त्याआधी १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीवरून थेट विजेचा झटका देऊन हात हलवला होता, पण ते चांगलंच दुखायचं.

दुसरी ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, थोडक्यात टीडीसीएस. यात मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधून १ ते २ मिलिअँपिअरचा सरळ प्रवाह दहा-वीस मिनिटं सोडतात. एवढ्याशा करंटने पेशी पेटत नाहीत, हात हलत नाही. पेशींची तयारी थोडी वर किंवा खाली सरकते, इतकंच. जर्मनीत ग्योटिंगेनच्या नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली याचा परिणाम टीएमएसनेच मोजून दाखवला, तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली.

म्हणजे शॉकच देता ना जी?

नाही. मनोविकाराच्या दवाखान्यात ज्याला लोक शॉक म्हणतात, त्या उपचारात भूल देऊन मुद्दाम फिट आणली जाते. इथे माणूस जागा असतो, खुर्चीत बसून बोलत असतो. टीएमएसच्या प्रत्येक ठोक्याला 'टक्' असा मोठा आवाज येतो, म्हणून कानात बोळे घालतात. डोक्यावर टिचकी मारल्यासारखं वाटतं, कधी कपाळाचा किंवा जबड्याचा स्नायू उडतो, काहींचं नंतर डोकं दुखतं. टीडीसीएसमध्ये स्पंजाखाली खाज येते, चुणचुणतं, कातडी थोडा वेळ लाल होते. 'काहीच जाणवत नाही' असं कुणी सांगितलं, तर तो माणूस तुम्हाला पूर्ण सांगत नाहीये.

मेंदूचा अभ्यास आहे, मग हाताला पट्ट्या कायले लावता?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

तुमचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबून पाहा. दोघांच्या बेचक्यात, हाताच्या पाठीकडून, एक स्नायू फुगतो. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीच्या तासात उभी राहिलेली बाई दिवसभर याच स्नायूवर काम करते: फुटलेल्या बोंडात बोटं घालायची, वाळलेल्या पाकळ्यांची टोकं न टोचू देता कापूस उपसायचा, त्याला पालापाचोळा चिकटू द्यायचा नाही, आणि एक हात ओटीकडे जात असताना दुसरा पुढच्या बोंडावर गेलेला असतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून हा वेग म्हणजे तिची कमाई.

जगभरातल्या टीएमएस प्रयोगशाळांचाही हाच लाडका स्नायू आहे. मेंदूच्या वरच्या थरात हाताच्या हालचालीची जागा मोठी आणि कॉइलच्या आवाक्यात असते. तिथे ठोका दिला की साधारण २० मिलिसेकंदांत या स्नायूत विजेची एक लहर उठते आणि त्यावर चिकटवलेल्या पट्ट्या ती टिपतात. लहर मोठी आली तर मेंदूचा तो भाग त्या क्षणी हालचालीला उतावीळ आहे. लहान आली तर दाबून धरलेला आहे. प्रत्येकाचा उंबरठा आधी काढून घेतात: हात सैल असताना दहा ठोक्यांपैकी निदान पाच वेळा ५० मायक्रोव्होल्टची लहर यावी, इतका कमीत कमी जोर. हात तयारी करतोय, थांबलाय की दोन मनांत आहे, हे हालचाल दिसायच्या आधीच अशा तऱ्हेने क्षणाक्षणाला मोजता येतं.

यातून शिकण्याबद्दल काय कळलं?

बरंच. त्यातलं मला भावलेलं तेवढं सांगते.

१९९५ मध्ये अल्वारो पास्कुआल-लिओने यांनी पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक व्यायाम दिला. रोज दोन तास, पाच दिवस. रोज टीएमएसने बोटांची मेंदूतली जागा मोजली, तर ती रोज वाढत गेली. एका गटाने पियानोवर बोट न ठेवता तेच नुसतं मनात घोळवलं होतं, तरी त्यांच्या मेंदूतली जागाही वाढली. वाजवण्यात मात्र ते प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांच्या मागेच राहिले.

१९९८ मध्ये आणखी एक साधा प्रयोग झाला. टीएमएसच्या ठोक्याने ज्याचा अंगठा एका दिशेला उडायचा, त्याच्याकडून काही वेळ अंगठ्याची उलट दिशेची हालचाल करून घेतली. त्यानंतर तोच ठोका दिला तर अंगठा नव्या दिशेला उडू लागला! थोड्या वेळाने जुनी दिशा परत आली. अर्ध्या तासाच्या आतल्या सरावाचीही मेंदूत खूण उमटते, पण ती कच्ची असते.

ती पक्की केव्हा होते? २००२ मध्ये म्युलबाखर आणि सहकाऱ्यांनी लोकांना चिमटीने झटकन जोर लावायला शिकवलं. सराव संपताच हाताच्या हालचालीच्या भागावर सेकंदाला एक या संथ गतीने पंधरा मिनिटं ठोके दिले, तर नुकतीच कमावलेली सुधारणा पुसली गेली. मूळची ताकद शाबूत, शिकलेलं तेवढं गेलं. सरावानंतर सहा तासांनी तेच केलं, तर काही फरक पडला नाही. म्हणजे काम थांबल्यावरही मेंदूचा हा भाग काही तास तेच काम आत मुरवत असतो. त्या वेळात जे घडतं, ते सरावाइतकंच मोलाचं आहे. शिलाईच्या किंवा विणकामाच्या प्रशिक्षणात सकाळी एक टाका, दुपारी त्याच्याशी गोंधळ होईल असा दुसरा, असं वेळापत्रक ठेवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा, असं मला वाटतं.

मेंदूच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू चूक दुरुस्त करतो आणि वरचा हालचालीचा भाग शिकलेलं टिकवतो, असा एक सुबक निष्कर्ष २०११ मध्ये टीडीसीएसच्या प्रयोगातून आला होता. लहान मेंदूबद्दलचा परिणाम नंतरच्या फेरतपासणीत मात्र तसाच दिसला नाही. तेव्हा ही वाटणी ऐकलीत, तर ती अजून वादात आहे असं समजा.

मग करंट लावला की काम लवकर शिकता येतं का?

२००९ मध्ये एक प्रयोग खूप गाजला. जेनिन राइस आणि सहकाऱ्यांनी पाच दिवस लोकांकडून चिमटीतला दाब कमी-जास्त करत पडद्यावरचा ठिपका नेमक्या जागी नेण्याचा सराव करून घेतला. सरावाच्या वेळी ज्यांना टीडीसीएस दिला, ते जास्त शिकले आणि तीन महिन्यांनंतरही पुढे राहिले. गंमत म्हणजे जादा फायदा सराव चालू असताना नव्हे, तर एका दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या मध्ये होत होता.

त्यानंतर दावे फुगत गेले, आणि मग फुगा हळूहळू बसला. माणसागणिक परिणाम फार बदलतो. टीएमएसचाच एक वेगवान प्रकार २०१३ मध्ये पन्नासहून अधिक लोकांवर तपासला, तर सरासरी परिणाम जवळपास शून्य आला. काहींत वाढ, काहींत उलट घट. करंटची गोष्टही तशीच. २०१८ मध्ये मृतदेहांवर मोजमाप करून दाखवलं गेलं की डोक्यावर सोडलेल्या करंटचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कातडी आणि हाडातच संपतो. म्हणून चांगल्या अभ्यासात एका गटाला खोटा करंट देतातच: सुरुवातीला काही सेकंद चुणचुण, मग गुपचूप बंद. खोट्या करंटचा गट नसलेल्या अभ्यासावर मी विश्वास ठेवत नाही.

निर्णय म्हणता, तर कोणता? पेरणी कधी करायची तो?

तो नाही. तो निर्णय आठवडाभर चालतो, त्यात पाऊस, कर्ज, बियाणं, शेजाऱ्याचं मत सगळं येतं. इथे सेकंदाच्या तुकड्यातला निर्णय असतो: करू की थांबू, हा हात की तो.

रात्री मोटारसायकलवर असताना रोही (नीलगाय) आडवा येतो. तुमचा हात अ‍ॅक्सिलरेटर पिळायला निघालेला असतो आणि तो मध्येच अडवावा लागतो. प्रयोगशाळेत याची साधी आवृत्ती असते. पडद्यावर बाण आला की बटण दाबायचं. पण अधूनमधून बाणामागोमाग 'पीं' वाजतं, तेव्हा दाबायचं नाही. 'पीं' किती उशिरा वाजवलं की माणूस निम्म्या वेळा चुकतो, हे शोधून थांबायला लागणारा वेळ काढतात. निरोगी तरुणात तो सेकंदाच्या पाव भागाच्या आसपास येतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात तेवढ्यात गाडी चार मीटरहून जास्त पुढे गेलेली असते, आणि ब्रेक अजून लागायचाच असतो.

लोगन आणि कोवन यांनी १९८४ मध्ये याचं गणित मांडलं ते शर्यतीचं. शंकरपटात बैलांच्या दोन जोड्या सुटाव्यात तसे 'कर' आणि 'थांब' हे दोन हुकूम मेंदूत वेगवेगळ्या वेळी सुटतात. जो आधी पोहोचेल तसं हात वागतो. 'थांब' ची जोडी कुठून सुटते? २००६ मध्ये चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी टीएमएसने उजव्या कपाळामागचा, खालच्या बाजूचा एक भाग थोडा वेळ मंद केला. लोकांचं बटण दाबणं तसंच राहिलं, पण थांबणं बिघडलं. एमआरआयच्या चित्रात तो भाग थांबताना उजळतो हे आधीच माहीत होतं. पण उजळणं म्हणजे कारण असणं नव्हे. तो भाग मंद केल्यावर काम अडतं की नाही, हे पाहिल्यावरच ठामपणे बोलता येतं. टीएमएसची खरी ताकद ही आहे.

आणखी एक अनपेक्षित गोष्ट. एखादी हालचाल करायची तयारी चालू असताना हाताची लहर मोठी व्हावी असं आपल्याला वाटेल. ती लहान होते, आणि न निवडलेल्याच नव्हे, निवडलेल्या हाताचीही. बेल्जियमच्या ज्युली ड्यूक आणि इतर काही जण यावर बरीच वर्षं काम करत आहेत. वेळेआधीच हात सुटू नये म्हणून मेंदू तयारीबरोबरच लगामही आवळतो, हा एक खुलासा, एकमेव नव्हे.

आणि हाताची निवड. २०१० मध्ये उजव्या हाताने काम करणाऱ्या लोकांना पुढ्यातल्या ठिपक्यांना कोणत्याही हाताने स्पर्श करायला सांगितलं. ऐन निवडीच्या वेळी मेंदूच्या डाव्या, मागच्या-वरच्या भागावर एक ठोका दिला, तर मधल्या जागेतल्या ठिपक्यांसाठी डावा हात जास्त वेळा पुढे आला.

म्हणजे मन वाचता येतं, दुसऱ्याच्या मनासारखं वागायला लावता येतं?

नाही. एक बोट उडवता येतं, दोन सारख्या पर्यायांमधला तोल किंचित ढळवता येतो. मत, श्रद्धा, विचार यातून वाचता येत नाहीत, की कुणाच्या मनासारखे बदलून घेता येत नाहीत.

माह्या पोराले मिर्गी आहे. त्यानं भाग घेतला तं चालते का?

नाही चालत, मावशी. टीएमएसने फिट येण्याचा धोका फार कमी आहे, पण ज्याला आधी फिट आलेली आहे त्याला निव्वळ अभ्यासासाठी बसवू नये. डोक्यात धातू (ऑपरेशनची क्लिप, छर्रा), कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर असेल तरी नाही. गरोदर बाईला अशा अभ्यासात सहसा घेत नाहीत. मनोविकाराच्या काही गोळ्या, दारू आणि जागरण यांनीही धोका वाढतो.

जागरणाबद्दल मुद्दाम सांगते, कारण छापील फॉर्मवर 'झोप नीट होते का' एवढंच असतं आणि लोक 'हो' म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे कृषिपंपाची लाईन बऱ्याचदा रात्री येते आणि माणूस रात्रभर ओलितावर असतो. असा माणूस सकाळी खुर्चीत बसवू नये. अभ्यास घेणाऱ्यांनी 'काल रात्री ओलीत होतं का' असंच विचारलं पाहिजे.

लकवा झालेल्याचा हात याने सुटतो का?

गडचिरोलीच्या खेड्यांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच घाईत उत्तर देत नाही.

टीएमएसचा एक उपयोग भरवशाचा आहे: अंदाज बांधणं. लकव्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात लुळ्या हातात ठोक्याने लहर आली, तर मेंदूपासून हातापर्यंतची वाट शाबूत आहे आणि हात बराच सुधारण्याची आशा आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर यांच्या गटाने यावर पायरी-पायरीची पद्धत बसवली आहे.

उपचाराचं तसं नाही. चांगल्या बाजूचा मेंदू दुखऱ्या बाजूला दाबतो, म्हणून चांगली बाजू मंद करावी, ही कल्पना अनेक वर्षं चालली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत खरे ठोके मिळालेले आणि खोटे ठोके मिळालेले, दोन्ही गट सारखेच सुधारले. दोन्ही गटांना नेमाने हाताचा व्यायाम दिला होता. तेव्हा दादा, वावर विकून मशीनच्या मागे लागू नका. फिजिओथेरपी चालू ठेवा आणि दुखरा हात रोजच्या कामात गुंतवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर झाडपाला किंवा मालिश न करता १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्याकडून सिटी स्कॅनपर्यंत पोहोचायलाच त्यातला मोठा वेळ जातो.

आमच्यासारख्यांचा यात काय संबंध? हे तं शिकलेल्यांचं काम.

माझ्या मते नेमकं उलट आहे. वर सांगितलेल्या प्रयोगांत खुर्चीवर बसलेले हात बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांजवळच्या तरुणांचे आहेत. चिमटीचं काम त्यांनी प्रयोगशाळेत काही दिवस केलं. वीस वर्षं कापूस वेचलेला हात, भंडारा-गोंदियाकडे वाकून रोवणी करणारा हात, कोशाचा धागा काढणारा हात, तेंदूच्या पानांचे पुडे बांधणारा हात: यांच्या मेंदूत काय घडलंय, हे फार थोड्यांनी विचारलं आहे. 'माणसाचा हात असा शिकतो' असं म्हणायचं तर ज्यांनी आयुष्यभर हातानेच शिकलं, त्यांना वगळून ते म्हणता येणार नाही. टीडीसीएसचं यंत्र बॅटरीवर चालतं आणि पिशवीत मावतं. टीएमएस जड आहे, त्याला खंड न पडणारी वीज लागते, पण जिल्ह्याच्या ठिकाणी एका खोलीत ते लावता येतं. अडचण यंत्राची कमी आणि आपल्याकडे येऊन विचारण्याची इच्छा नसण्याची जास्त आहे. आलेच तर बरोबरीच्या नात्याने यावं, ही माझी अट राहील.

सही केली म्हणजे अडकलो का?

नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं, नैतिकता समितीची मंजुरी हवी, आणि कारण न सांगता मध्येच उठून जायची मोकळीक हवी. त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. वाचता येत नसेल, तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर अंगठा घेतात. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मागायला लाजू नका. ती देता येते. वेचणीच्या हंगामातला दिवस आणि मे महिन्यातला दिवस यांची मजुरी सारखी नसते, तेही सांगा. अभ्यासामुळे इजा झाली, तर मोफत उपचार हा तुमचा हक्क आहे. उपचाराची चाचणी असेल, तर ती भारताच्या चाचणी-नोंदणीत असलीच पाहिजे. २००९ पासून ते सक्तीचं आहे आणि ती नोंद इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते.

ऑनलाइन करंटचं मशीन मिळते. लेकराच्या अभ्यासासाठी घेऊ काय?

घेऊ नका. स्पंज वाळला तर कातडी भाजते, वाढत्या मेंदूवर दीर्घकाळ काय होतं याचा पुरावा तोकडा आहे, आणि मोठ्यांमध्येही फायदा अनिश्चित आहे हे वर आलंच. त्या पैशात लेकरासाठी टेबल आणि चांगला दिवा येईल.

जायचं ठरलं, तर त्या दिवशी काय करायचं?

आदल्या रात्री नीट झोपा. ओलिताची पाळी असेल तर तारीख बदलून घ्या. सकाळी डोकं धुवा आणि तेल लावू नका, कारण तेलकट केसांत स्पंजाचा करंट नीट बसत नाही. अंबाडा घालू नका, कॉइल डोक्याला टेकली पाहिजे. डूल, आकडे, पिना काढून ठेवा. मोबाईल आणि एटीएम कार्ड कॉइलपासून दूर ठेवायला द्या. उपाशी जाऊ नका. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत न्या, नावं पाठ करायची गरज नाही. खुर्चीत बसायच्या आधी विचारा: आज टीएमएस की टीडीसीएस, किती वेळ, मला खोटा करंट मिळू शकतो का, आणि घरी गेल्यावर काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर सहीच्या कागदावर लिहून घ्या आणि त्या कागदाची प्रत घेऊनच निघा.